धुतल्यावर ब्लाऊज आटला

प्रश्न : सुटीच्या दिवशी घरीच सुती ब्लाऊज शिवला. बाह्यांची अदलाबदल झाली, टिपेखाली दोऱ्याचा गुंता झाला आणि पहिल्याच धुण्यात तो आटला. कुठे चुकलं?
– एक वाचक, बदनापूर (जि. जालना)

उत्तर : ताई, सुती कापड बेतण्याआधी भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करायलाच हवं. घाईत नेमकं हेच राहतं. बाहीची पुढची बाजू मुंढ्याला जास्त खोल असते. कापताक्षणी तिच्यावर खडूची खूण करा. गुंता खाली दिसला तरी दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबणारा पाय वर उचलूनच दोरा ओवा, म्हणजे तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसतो. पातळ सुतीला 11 नंबरची सुई पुरते. बाह्या उसवून बदला. आत माया सोडली असेल, तर बाजूची टीप उसवून ब्लाऊज अजूनही अंगाला येईल.