कोनोसुके मात्सुशिता

संकटांत माणसाची खरी परीक्षा होते, असें आपण नेहमीं ऐकतों. त्याचा प्रत्यय आम्हांस मात्सुशिता यांच्या चरित्रांत आला. त्यांचा जन्म जपानांतील वाकायामा प्रांतीं १८९४ सालीं झाला. तांदुळाच्या सट्ट्यांत वडिलांची इस्टेट बुडाली. नवव्या वर्षींच शाळा सोडून त्यांना ओसाका येथें दुकानांत उमेदवारी करावी लागली. १९१८ मध्यें पत्नी मुमेनो व मेहुणे तोशिओ इऊए यांच्या साह्यानें त्यांनीं विजेच्या सामानाचा लहानसा कारखाना काढला. हीच पुढें पॅनासॉनिक झाली.

१९२९ सालच्या मंदींत विक्री निम्म्यावर आली, गुदामें मालानें भरलीं. निम्मे कामगार कमी करावे, असा सल्ला सहकाऱ्यांनीं दिला. आजारी मात्सुशितांनीं अंथरुणावरूनच उत्तर धाडलें : उत्पादन निम्मे करा, काम अर्धा दिवस ठेवा, पण पगार पुरा द्या, एकासहि काढूं नका, आणि सर्वांनीं मिळून साठा विका. सुमारें दोन महिन्यांत गुदामें रिकामीं झालीं.

पुढें १९७७ मध्यें तोशिहिको यामाशिता अध्यक्ष झाले, तेव्हां संचालकांच्या यादींत त्यांचें नांव जवळजवळ शेवटीं होतें. तेथेंहि ज्येष्ठतेपेक्षां योग्यताच श्रेष्ठ ठरली.

१९८९ सालीं मात्सुशिता निवर्तले. भांडवल हिशेबाच्या वहींत दिसतें, विश्वास दिसत नाहीं. परंतु अडचणीच्या वेळीं तोच उपयोगीं पडतो, हा बोध आम्हीं विद्यार्थ्यांनीं घ्यावा.