रंग उडालेला हिंदुस्थान

जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर असावा, हा आग्रह माझा होता. हा नकाशा 1782 साली लंडनमध्ये निघाला. सालबाईचा तह त्याच वर्षीचा, महादजी शिंदे आणि नाना फडणवीस दोघेही ऐन भरात. त्या वेळचा देश ईस्ट इंडिया कंपनीच्या एका सर्वेक्षकाला कसा दिसला, हे मुलांना भिंतीपाशी उभं राहून वाचता यावं, एवढाच हेतू. मूळ प्रत आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून प्रतिकृती मागवली. ‘अगदी जुन्यासारखी’ अशी विक्रेत्याने हमी दिली होती.

आली ती दिसायला देखणी होती. सगळीकडे चहाचा रंग, मुद्दाम करपवल्यासारख्या कडा, वर चकचकीत लॅमिनेशन. पंडित आपले धर्मग्रंथ ब्रिटानियाच्या हाती सोपवताहेत, हे शीर्षकाभोवतीचं चित्र दुरूनही ठसठशीत उठून दिसत होतं. पुण्याच्या आसपासची गावं वाचायला गेलो तर अक्षरांच्या जागी नुसती काजळी. आणि त्याहून गंभीर म्हणजे, मूळचे रंगच गायब.

रंगांचं एवढं का, ते सांगतो. देशाचे भाग दाखवताना रेनेलने अकबराच्या काळातली सुभ्यांची विभागणी कायम ठेवली, कारण तीच त्याला सगळ्यांत टिकाऊ वाटली. प्रत्यक्षात त्या घडीला कुठे कंपनीचा अंमल, कुठे मराठ्यांचा, कुठे निजामाचा, कुठे हैदरचा, हे त्याने रंगांवर सोपवलं. त्या काळी तांब्याच्या पत्र्यावर कोरून नकाशा एकाच शाईत छापत आणि रंग मागाहून हाताने भरत. म्हणजे छापलेली नावं मोगलांच्या सुभ्यांची आणि भरलेला रंग त्या दिवसांतल्या सत्तांचा. हा रंग काढून वर एकच तपकिरी छटा फिरवली की उरतात गुजरात, माळवा, खानदेश, वऱ्हाड असे सुभे. नववीतलं पोर त्यावरून काय समजणार? 1782 सालीही देश मोगलांचाच होता, असंच. मराठ्यांचं राज्य त्या भिंतीवरून पुसलं गेलं होतं, आणि तेही केवळ ‘जुना लुक’ साधण्यासाठी. मला याचा फार त्रास झाला, अजूनही होतो.

गिऱ्हाइकाला असंच लागतं, असं विक्रेत्याचं उत्तर. पैसे अर्धेच परत मिळाले. नंतर आम्ही एका ग्रंथसंग्रहाने खुली केलेली रंगीत प्रतीची मोठी प्रतिमा घेतली आणि इथल्याच डिजिटल छपाईवाल्याकडून छापून घेतली. त्या सगळ्या खटाटोपात जे कळलं ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

मागवण्याआधी विचारा, ही प्रतिकृती कोणत्या संग्रहातल्या, कोणत्या सालच्या प्रतीवरून केली? याचं उत्तर न देणाऱ्याकडून अभ्यासासाठी नकाशा घेऊ नये. त्या काळी नकाशे रंग न भरताही विकले जात, शिवाय रेनेलने 1788 मध्ये आणखी मोठा, वेगळा नकाशा काढला. तेव्हा नुसतं ‘रेनेलचा नकाशा’ म्हणून भागत नाही.

मग प्रतिमेचा हिशेब. नकाशा तीन फूट रुंद हवा, म्हणजे 36 इंच. इंचाला 300 ठिपके धरले तर प्रतिमा 10,800 पिक्सेल रुंद हवी. इंटरनेटवरून सहज उचललेली 1,500 पिक्सेलची प्रतिमा तेवढी ताणली की इंचाला जेमतेम 42 ठिपके उरतात. आमच्या पहिल्या प्रतीतली काजळी ती हीच. पूर्ण छपाईआधी सगळ्यात दाट नावांच्या भागाची फूटभर पट्टी खऱ्या आकारात छापून मागा आणि वाचून पाहा. चांगला छपाईवाला नाही म्हणत नाही.

समास कापू देऊ नका. प्रकाशनाचं साल आणि स्थळ बहुधा तिथेच असतं. प्रमाणाचंही तसंच. ‘इंचाला 16 मैल’ असं लिहिलेला नकाशा निम्म्या आकारात छापला की ते 32 मैल होतात, पण लिहिलेलं 16 च राहतं. प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती शाबूत असलीच पाहिजे आणि मुलांना मोजायला तीच द्यावी.

‘साफसफाई’ही नको म्हणून सांगा. लॅम्बटन या सर्वेक्षकाने मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली ती 1802 मध्ये. त्याआधीच्या रेनेलला देशाच्या आतल्या भागासाठी फौजांच्या वाटचालींच्या नोंदींवर विसंबावं लागलं. काल्पीकडून निघून 1779 मध्ये सुरतेला पोचलेल्या, कंपनीचा सेनानी गॉडर्ड याच्या फौजेची वाटचाल त्यातलीच एक. वाटेवरची गावं ओळीने आणि बाजूला मोकळी जागा, हे त्या माहितीचं खरं रूप आहे. ती मोकळी जागा सुशोभित करणं म्हणजे पुरावा बिघडवणं.

कागद आम्लमुक्त आणि मॅट घ्यावा, शाई पिग्मेंटची. चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइट दिसते, नकाशा दिसत नाही. थेट ऊन नको. कोकणात, मुंबईत ओल धरणाऱ्या भिंतीपासून चौकट बोटभर पुढे ठेवावी, मागून हवा खेळली पाहिजे.

आणि खाली एक पाटी लावाच: नकाशाकाराचं नाव, साल, मूळ आकार, प्रतिकृतीचा आकार, कोणत्या संग्रहातली प्रत आणि रंगांचा अर्थ. शाळांच्या, वाचनालयांच्या कार्यकारिणीवर असलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे, ही माहिती हाती आल्याशिवाय बिल मंजूर करू नका.