गुटीतलं अतिविष

इंदूरच्या बडा गणपतीच्या परिसरातल्या आम्हा मराठी घरांत बाळ जन्मलं की गुटीची डबी येतेच. वेखंड, मुरडशेंग, मायफळ, काकडशिंगी आणि ते कडूजहर अतिविष. नातवाच्या वेळी सामान मीच आणलं आणि निवडायला बसले. अतिविषाचे कंद लहान, बाहेरून राखाडी, मोडले की आत खडूसारखे पांढरे. त्यांत दोन निघाले जाड, काळपट, आतून तपकिरी. ओळखीच्या वैद्यांना दाखवले. ते म्हणाले, "ताई, हे बचनागासारखे दिसतात. सगळी पुडीच बाजूला ठेवा."

बचनाग अतिविषाच्याच कुळातला, पण जहाल विषारी. वैद्य तो शोधन करूनच वापरतात. औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची ई-१ मध्ये, त्याचं नाव आहे. कच्चा कंद थोडासाही पोटात गेला तरी हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्यावर हमखास उतारा नाही. पूर्वी बायका कंद जिभेला लावून पारखत: नुसता कडू लागला तर अतिविष, जीभ बधिर झाली तर बचनाग. कृपा करून हे कुणी करू नका.

अतिविषावर माझा राग नाही. निघंटूंत त्याला शिशुभैषज्या म्हटलंय. ताप, जुलाब, उलटी, दात येतानाचा त्रास यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या देत आले. बालचतुर्भद्र चूर्णात नागरमोथा, पिंपळी, काकडशिंगी यांच्या जोडीला तेच असतं. पण ही हिमालयातली वनस्पती, कंद खणला की रोप गेलंच. आज ती संकटग्रस्त आहे, म्हणून भाव चढा आणि भेसळीला वाव. खरं अतिविष मिळालं नाही तर त्याजागी नागरमोथा घ्यावा, ही सोय जुन्या वैद्यकातच आहे.

सुटे कंद घेऊच नका. परवाना क्रमांक आणि मुदत छापलेलं औषध वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. किती वेढे उगाळायचे हेही त्यांनाच विचारा. पहिले ६ महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीसुद्धा नको, असं डॉक्टर सांगतात. मला ते पटलं, आणि घरातल्या थोरल्यांनाही मी ते पटवलं.

गुटीनंतर बाळ मलूल झालं, लाळ गाळू लागलं, उलट्या सुरू झाल्या किंवा हातपाय गार पडले, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट एमवाय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि उगाळलेला कंद सोबत न्या.