जुन्या मोटारीच्या सहा सिलिंडरांतून अधिक अश्वशक्ती

आमच्या विद्यालयात शिकून बाहेर पडलेली अनेक मुले आज अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर येथील कारखान्यांत व गॅरेजांत काम करतात. जुन्या सहा सिलिंडरच्या मोटारीची शक्ती वाढवावयाची तर सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न त्यांच्याकडून आम्हांस वारंवार येतो. अशा इंजिनाचा ब्लॉक एकदा तडकला की दुसरा सहजी मिळत नाही. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावरचे घेऊ. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ या मोटारी जोडल्या. त्यांतील सहा सिलिंडरचे इंजिन साइड व्हॉल्व्ह पद्धतीचे होते. म्हणजे व्हॉल्व्ह डोक्यावर नसून सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच. प्लिमथच्या 1949 ते 1952 च्या इंजिनाचे आकारमान सुमारे 3,570 घनसेंटिमीटर आणि शक्ती मिनिटाला 3,600 फेऱ्यांवर 97 अश्वशक्ती होती.

अश्वशक्ती म्हणजे इंजिनाचा पीळ, अर्थात टॉर्क, गुणिले फेऱ्या. टॉर्क फूट-पौंडांत घेऊन फेऱ्यांनी गुणावा व 5,252 ने भागावे. 97 अश्वशक्तीवरून उलटे गणित केले, तर 3,600 फेऱ्यांवर टॉर्क अवघा 141 च्या आसपास येतो. कमी फेऱ्यांवर हेच इंजिन याहून पुष्कळ अधिक पीळ देते. मग वर तो का घटतो? तेथे प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला तीस वेळा श्वास घ्यावा लागतो आणि इंजिनाला दम लागतो. शक्ती वाढविणे म्हणजे मुख्यतः हा दम मोकळा करणे होय.

पहिला मोह हेड घासून कॉम्प्रेशन वाढविण्याचा. ते स्वस्त आहे, परंतु साइड व्हॉल्व्हमध्ये पेच असा, की व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाट हेडच्या पोकळीतूनच जाते. हेड जितके घासावे तितकी ती वाट अरुंद होते. कमी फेऱ्यांवर गाडी चपळ वाटते, वरच्या फेऱ्यांवर मिळविलेले गमावते. अतिरेक केल्यास व्हॉल्व्हच हेडला आपटतो. आमच्या मते येथे हात आखडता घ्यावा.

एकच कार्बोरेटर मध्यभागी असल्याने टोकाच्या सिलिंडरांना मिश्रण समान पोहोचत नाही. दोन कार्बोरेटरांनी ही तक्रार पुष्कळ कमी होते. एक्झॉस्टचे मात्र आम्हांस विशेष कौतुक वाटते. या इंजिनाचा फायरिंग क्रम 1-5-3-6-2-4 आहे. तो नीट पाहा: पुढच्या तिघांतील एक, मागच्या तिघांतील एक, असा आळीपाळीने चालतो. म्हणून पुढील तिघांना एक नळी व मागील तिघांना दुसरी दिली, की प्रत्येक नळीत धूर समान अंतराने येतो आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. जुळविणाऱ्यांनी सहा सिलिंडर निवडण्याचे सुख ते हेच.

परंतु या सर्वांआधी ब्लॉकमधील पाणी वाटणारी पत्र्याची लांब नळी तपासावी. पाण्याचा पंप काढल्यावर ती पुढून ओढून काढता येते. ती गंजली की मागच्या सिलिंडरांच्या व्हॉल्व्हना थंड पाणी मिळत नाही. तापमापकाचा काटा साधा दिसतो आणि मागचे व्हॉल्व्ह जळतात. अशा इंजिनाची शक्ती वाढविणे म्हणजे त्याचे मरण जवळ आणणे.

फेऱ्या किती वाढवाव्यात? दट्ट्याची धाव सुमारे 111 मिलिमीटर, म्हणजे लांब आहे. 3,600 फेऱ्यांवर दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला 13.3 मीटर, 4,500 वर 16.7 मीटर होतो. जुन्या कनेक्टिंग रॉडवर इतका भार टाकण्यास आम्ही कोणास सांगणार नाही.

आणि शक्ती लागते किती, तेही मोजावे. नेरळचा घाट चढणारी मोटार 1,500 किलो वजनाची व चढ दहास एक धरला, तर ताशी 36 किलोमीटर वेगाने केवळ चढण्यास सुमारे 20 अश्वशक्ती पुरते. उतरताना मात्र वेग दीडपट झाला की ब्रेकने शोषावयाची ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि या मोटारींना चारही चाकांवर ड्रम ब्रेकच आहेत. म्हणून आमच्या मुलांनी गिऱ्हाइकाच्या अंदाजपत्रकात पाण्याची नळी व ब्रेक प्रथम लिहावेत, कार्बोरेटर त्यानंतर.