भुताच्या सिनेमाचा पुढचा भाग कसा रचावा?

मित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या आईबाबांनो,

'झपाटलेला' हा सिनेमा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तो महेश कोठारे यांनी १९९३ साली काढला. त्यात तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला लक्ष्याच्या पाठी लागतो. लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. बाहुला रामदास पाध्ये यांनी केला. २०१३ साली दुसरा भाग आला. गुरुजी म्हणाले, "तिसरा भाग किन्हवलीत घडला तर? रचा गोष्ट!"

पुढच्या भागात जुने थोडे ठेवावे, नवे थोडे घालावे. आम्ही तात्या विंचू ठेवला. नवीन म्हणजे तो आता आमच्या भूत शोधणाऱ्या पथकात आहे, आणि सर्वांत भित्रा तोच! गुरुजींनी फळ्यावर तीन नियम लिहिले.

१) आधी भीती वाटावी.
२) मग हसू यावे.
३) शेवटी भूत म्हणजे काय होते ते कळावे.

पहिली कल्पना : पडक्या घरात पांढऱ्या तोंडाचे भूत रात्री किंचाळते. तात्या कणगीत लपतो. बॅटरी मारली तर ते गव्हाणी घुबड! ते उंदीर खाते, म्हणून शेतकऱ्याचा मित्र आहे. तात्या म्हणतो, "पण मी उंदराएवढाच दिसलो तर?"

दुसरी कल्पना : पावसाळ्यात रानात हिरवट उजेड दिसतो. तात्या पळता पळता चिखलात पडतो. जवळ गेले तर कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी. अशी बुरशी भीमाशंकरच्या जंगलात खरोखर असते.

तिसरी कल्पना : एक माणूस पहाटे उठतो तर पोटात दुखते, पापण्या मिटतात, बोलता येत नाही, श्वास लागतो. सगळे म्हणतात, "झपाटला! भगताला बोलवा." पण भूत नसतेच. रात्री मण्यार चावलेली असते. तिचा दंश फार दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही.

ही कल्पना माझी. माझ्या काकांना असेच झाले होते. आधी झाडफूक केली, त्यात दोन तास गेले. मग दवाखान्यात नेले. तिथे सापाच्या विषावरचे औषध सलाईनमधून दिले, म्हणून काका वाचले. हे मी सांगितले तेव्हा वर्गात कोणीच हसले नाही.

मग दुसऱ्या नियमाचे काय? मुले विचार करू लागली. शेवटी मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "गुरुजी, भगतच जीप बोलावतो! आणि तात्या टपावर बसून वरडतो, बाजूला व्हा, मंत्र नको, जीप पायजे!" सगळे खो खो हसले. मीपण हसलो.

गुरुजींनी तोच शेवट ठरवला. ते म्हणाले, "हसवा, पण माणूस वाचला पाहिजे."

म्हणून पालकांनो, जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. आणि कोणी असा 'झपाटला' तर आधी दवाखाना.

चौथी कल्पना कोणाला सुचली तर कागदावर लिहून गुरुजींकडे द्या. तात्या वाट बघतोय!

– इयत्ता ४ थी