होडीच्या गळ्यात घंटा

गाय रानात चरायला जाते. आपण तिच्या गळ्यात घंटा बांधतो. गाय दिसली नाही, तरी ती कुठे आहे ते आवाजावरून कळतं. पण समुद्रात गेलेल्या होडीचं काय? तिथं ना वाट, ना बांध.

आपल्या अंबडहून समुद्र लांब आहे. पण बाजारात पापलेट येतो, तो समुद्रातूनच. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे कोळ्यांचं गाव पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. २०२३ साली सरकारनं पापलेटला राज्यमासा ठरवलं. हा मासा आता पूर्वीइतका मिळत नाही. बारीक जाळ्यात पिल्लंच सापडली, तर मोठे मासे होणार कुठून? बियाण्याचे दाणे दळून खाल्ले, तर पेरायचं काय?

म्हणून कायदा आहे. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांनी मासे धरायचे नाहीत. प्रखर दिवे लावून मासे धरायलाही २०१७ साली बंदी झाली. पण एवढ्या मोठ्या समुद्रावर पहारा कोण करणार?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर इथं एक योजना सुरू झाली. देशातल्या १ लाख होड्यांवर टप्प्याटप्प्यानं फुकट यंत्र बसवायचं ठरलं. त्याला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. होडी कुठे आहे, ते हे यंत्र उपग्रहाला कळवतं. उपग्रह म्हणजे माणसानं आकाशात सोडलेलं, पृथ्वीभोवती फिरणारं यंत्र. हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. त्याच्याकडून निरोप किनाऱ्यावरच्या कचेरीत येतो. वादळ येणार असेल, तर कचेरीची सूचना होडीवर पोचते. संकटात तांडेल मदत मागू शकतो.

कुणी यंत्र बंद केलं तर? दुसरे काही उपग्रह रडारनं पाहतात. त्यांना रात्री आणि ढगांतूनही मोठ्या बोटी दिसतात. यंत्राकडून निरोप नाही, पण बोट तर दिसते. मग संशय येतो.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आकाशातून होडी दिसते, तिच्या जाळ्यातली पिल्लं दिसत नाहीत. मोठा ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसला, तर लहान कोळ्याचं जाळं रिकामं येतं. उपग्रह फक्त खबर देतो. अधिकाऱ्यानं लहानमोठा न पाहता कायदा चालवला पाहिजे. आणि कोळी बांधवांनी पिल्लं वाचवली पाहिजेत. तरच समुद्राचं बियाणं राहील.

वाचा आणि सांगा :
१. मासेमारी कोणत्या महिन्यांत बंद असते? का?
२. आपल्या गावचं गायरान आणि समुद्र यांत सारखं काय आहे?