ॲडव्हान्स दिला, सोफा नको झाला

आमचं घर साताऱ्यात, गोडोलीला. फर्निचर मात्र सांगलीच्या एका दुकानात ठरवलं, कारण बायकोचं माहेर मिरजेचं आणि मेहुण्याची त्या दुकानात ओळख. वास्तुशांत उरकली, पाहुणे सतरंजीवर बसून जेवून गेले, तरी सागवानी दिवाण आणि सोफासेट काही आला नाही. शेवटी ऑर्डर रद्द केली. ॲडव्हान्स परत मिळवताना जे कळलं ते लिहितो आहे. दुकानाचं नाव देत नाही. पैसे मिळाले, विषय संपला.

१. पावतीवर तारीख घ्या, आणि तारखेचं कारणही.
"महिन्याभरात देतो" हे दुकानदाराचं बोलणं हवेत राहतं. मेहुण्यानं पावतीवर तारखेपुढे ‘वास्तुशांतीसाठी’ असं लिहून घेतलं, आणि पुढे सगळा जोर त्या एका शब्दानं दिला. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की ठरलेली वेळ हाच व्यवहाराचा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर दुसऱ्या बाजूला करार मोडता येतो. वेळेला एवढं महत्त्व होतं की नव्हतं, हे पावतीवरूनच दाखवता येतं. पावसामुळे लाकूड वाळलं नाही, असं दुकानदार म्हणाला. असेलही. पण मग तारखेच्या आधी एक फोन करायला काय हरकत होती?

२. माल वेळेवर आला नाही आणि आपलं मन बदललं, यांत फरक आहे.
इथे बरेच ग्राहक गल्लत करतात. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूबाबत ‘इतक्या दिवसांत विनाकारण रद्द करा आणि सगळे पैसे घ्या’ असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला चौदा दिवसांची सवलत आहे, पण तिथेही मापानं बनवून घेतलेल्या वस्तूला ती मिळत नाही. आपल्याकडे मन बदललं तर दुकानदार त्याचं नुकसान मागू शकतो. किती? करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं, वाजवी तेवढंच. पावतीवर छापलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते. ती आपोआप वसूल होत नाही. शोरूममध्ये मांडलेला सोफा दुसऱ्याच दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेऊन जात असेल, तर दुकानदाराचं असं कितीसं गेलं? याउलट आमच्या शेजाऱ्यांनी भिंतीच्या मापाचं कपाट सांगितलं, सुतारानं फळ्या कापल्या आणि मग यांनी बेत बदलला. त्यांचे पैसे कापले गेले, आणि माझ्या मते ते रास्तच होतं. त्या फळ्या दुसऱ्या कुणाच्या भिंतीला बसणार?
चूक दुकानदाराची असेल तर मात्र पूर्ण रक्कम मागावी. "निम्मे घ्या, मिटवून टाकू" याला मान डोलावू नये.

३. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याला घाबरू नका.
सदोष माल परत न घेणं, किंवा बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आमच्या घरी तर मालच आला नव्हता. त्याला तो शिक्का कसला लागू होणार?

४. "जीएसटी भरलाय, तो भाग परत मिळत नाही."
हे वाक्य आम्हालाही ऐकवलं गेलं, तेही अगदी ठाम आवाजात. १५ नोव्हेंबर २०१७ पासून वस्तूंच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही. तो बिलाच्या वेळी लागतो. ॲडव्हान्स घेताना दुकानदारानं रिसीट व्हाउचर द्यायचं आणि माल न देता पैसे परत करताना रिफंड व्हाउचर, अशी पद्धत आहे. बिल फाडून झालं असेल तरी क्रेडिट नोट काढून कराचा हिशेब जुळवता येतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दरानं जीएसटी भरणाऱ्या, दुकानदाराला तर ग्राहकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. मी फक्त "टॅक्स इन्व्हॉइस दाखवा" एवढंच म्हणालो. त्यानंतर जीएसटीचा विषय निघाला नाही.

५. हप्त्यावर घेतलं असेल तर कर्ज वेगळं बंद करावं लागतं.
भाच्यानं गादी रद्द केली, हप्ता मात्र खात्यातून जातच राहिला. दुकानानं फायनान्स कंपनीला कळवलं का, हे विचारा आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात घ्या.

६. ऑनलाइन ऑर्डरचे नियम वेगळे आहेत.
२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, कंपनी स्वतःहून ऑर्डर रद्द करते तेव्हा जे शुल्क ती सोसत नाही, ते तिला तुमच्याकडूनही घेता येत नाही. सांगितलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घ्यायला ती नाही म्हणू शकत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणानं उशीर झाला असेल तर गोष्ट वेगळी.

७. रद्द करायचं ते लेखी.
"साहेब, तुम्ही घरचेच, पैसे कुठं पळून जातात का?" असं फोनवर गोड बोलून आठवडे जातात. पत्रात ऑर्डर क्रमांक, ठरलेली तारीख, रद्द करण्याचं कारण, रक्कम, खातं आणि मुदत लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवाच, पण स्पीड पोस्टानंही पाठवा. भाषा सभ्य ठेवा. उद्या हेच पत्र ग्राहक आयोगासमोर वाचलं जाईल.

८. सांगलीला हेलपाटे घालायची गरज नाही.
१९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार समोरच्याच्या धंद्याच्या ठिकाणी, किंवा जिथे प्रकार घडला तिथे करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानं ती ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणीही करता येते. म्हणजे दुकान सांगलीचं, तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहा. तिथे मराठीत बोलता येतं. हॉटेलासाठी किंवा मंगल कार्यालयासाठी घाऊक फर्निचर घेतलं असेल तर मात्र जपून, कारण नफ्याच्या धंद्यासाठीची खरेदी या कायद्यात सहसा बसत नाही.

आम्हाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. साताऱ्यात तक्रार करीन, असं पत्रात लिहिलं होतं. पैसे खात्यात आले. तुमचं घोडं अडलेलं असेल तर एवढं पाहा, तक्रारीची मुदत प्रकार घडल्यापासून दोन वर्षांची आहे. यंत्रातून निघालेल्या पावतीची शाई त्याआधीच उडते, म्हणून आजच तिची झेरॉक्स काढून ठेवा.